पहिले स्थान कोणाचे?

शास्त्रपाठ : लूक १४:२५-३३



शिष्य व्हायचे तर आईबाप, बायकामुले, एवढेच नव्हे तर स्वतःचा जीव यांचाही द्वेष करावा लागेल, असे प्रभूने बजावले. हा पाठ शिकवताना शब्बाथशाळेचा शिक्षक अडखळतो. कारण पाचवी आज्ञा आईबापांचा मान राखण्यास सांगते.

येथे उत्पत्ती २९:३०-३१ पाहावे. याकोबाची राहेलीवर अधिक प्रीती होती, म्हणून लेआ नावडती म्हटली आहे. इब्री बोलण्यात कमी प्रीतीलाही द्वेष म्हणत. मत्तय १०:३७ हेच उघड करून सांगते. प्रश्न आहे तो पहिल्या स्थानाचा.

आपल्या बेळगावच्या भूमीने या वचनाची किंमत पाहिली आहे. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पाण्यात उतरणे म्हणजे घरादारास मुकणे होते. आईबाप दुःखात बुडाले, पत्नीची ताटातूट झाली. आपला हा प्रवास त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवला.

आम्ही मात्र ख्रिस्ती घरातच जन्मलो. ती किंमत आम्हांस द्यावी लागली नाही. म्हणून की काय, आम्ही एक खोटा वधस्तंभ तयार केला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका खेड्यात प्रार्थनासभा होती. घरी वडील तापाने फणफणले होते. पत्नी म्हणाली, “आज राहा की घरी.” आम्ही हाच लूकचा शास्त्रपाठ तिला ऐकवला आणि सायकल काढली. संदेश चांगला झाला, लोकांनी वाखाणला. मध्यरात्री परतलो तो ती वडिलांच्या उशाशी मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत बसलेली. मान वर न करता म्हणाली, “प्रभूनं वधस्तंभावर असताना आईची सोय लावली. तुम्हाला एक रात्र घरी बसवंना व्हय?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. योहान १९:२६-२७ आम्ही कितीदा शिकवले होते! त्या रात्री कळले की आम्ही घर सोडले ते प्रभूसाठी नव्हे. सभेत वाहवा मिळते, आजाऱ्याच्या उशाशी ती मिळत नाही. पहिल्या स्थानी प्रभू नव्हता, आम्हीच होतो. स्वतःच्या जिवाचा द्वेष करा, हे शब्द आम्ही सोयीने गाळले होते.

प्रियांनो, प्रभूमुळे स्वकीय दुरावले तर तो वधस्तंभ आनंदाने उचला आणि त्यांच्यासाठी दार उघडे ठेवा. पण आपल्या हेकटपणामुळे ते दुखावले असतील, तर त्याला वधस्तंभ म्हणू नका. जाऊन क्षमा मागा. मार्क ७:९-१३ मध्ये देवाला अर्पण केल्याचे सांगून आईबापांना टाळणाऱ्यांना प्रभूने कडक शब्दांत दोष दिला आहे.

आम्ही क्षमा मागितली. वडिलांनी नुसता हात हातात घेतला.

प्रभू आपल्या घरात पहिला असो. आमेन.