फुलाआधी नाव

हिंगोलीत आजही रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. पैसा निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशा हैदराबाद कंटिंजंट या फौजेची हिंगोलीत छावणी होती. 1903 मध्ये ती फौज इंग्रजांच्या सैन्यात विरली. तिच्याच रिसाल्यांतून घडलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडजवळ भाले रोखून घोडे घातले. त्याच रणभूमीवर उगवणारं तांबडं रानफूल, पॉपी, इंग्लंडने पुढे युद्धस्मृतीचं फूल केलं. पॉपी म्हणजे आपल्या खसखशीची रानटी बहीण. पण आपल्याकडे खसखस अनारशापुरती, आणि रिसाला बाजारात जाणाऱ्या किती जणांना तो रिसाला पुढे कुठं गेला हे ठाऊक असेल?

इंग्लंडमध्ये 1921 पासून पॉपी विकून सैनिकांसाठी निधी जमतो. 1922 मध्ये मेजर जॉर्ज हॉसन यांनी अपंग सैनिकांच्या हाताला काम म्हणून ही फुलं बनवण्याचा कारखाना काढला. हे फूल आधी कुणाच्या तरी पोटापाण्याचं काम होतं, हे विसरता कामा नये. ऑस्ट्रेलियात 2013 मध्ये दोन बायकांनी आपापल्या वडिलांच्या आठवणीसाठी पॉपी विणायला घेतल्या. पाच हजारांचा संकल्प होता, लोकांनी घरी बसून विणलेली फुलं अडीच लाखांवर गेली. 2018 मध्ये रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने भारतीय सैनिकांसाठी खादीची पॉपी काढली. पहिल्या महायुद्धात सुमारे 74 हजार भारतीय सैनिक मेले, त्यांची आठवण शंभर वर्षांनी का होईना झाली. तरी ज्या खादीने इंग्रजी कापडाशी वैर धरलं, तीच इंग्रजांच्या कोटावर फुलावी, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे काय? स्वातंत्र्यापूर्वी इथेही 11 नोव्हेंबरला कागदी पॉपी वाटून पैसे जमवत. 1949 पासून 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन झाला. निधी चांगल्या कामाला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण वरून उद्दिष्ट येतं, ते शाळांना आणि कार्यालयांना वाटून दिलं जातं, आणि छातीवर चिकटवलेला कागदी ध्वज संध्याकाळपर्यंत गळून पडतो. ज्यात आपला हात लागला नाही, ते मनात फार काळ टिकत नाही.

म्हणून मला वाटतं, परभणीच्या बचत गटांनी खादीचा झेंडू करावा. युद्धस्मृतीचं भारतीय फूल म्हणून झेंडूचं नाव दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने आधीच सुचवलेलं आहे. (झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, पण दसऱ्याच्या तोरणात त्याला आता कोण परका म्हणेल?) कापड दुरून आणायला नको, शेजारच्या नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्याची खादी उदगीरला विणली जाते. बोटभर रुंदीची केशरी पट्टी घ्यायची, एका कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढला की चुण्या पडतात. मग गुंडाळत जायचं आणि बुडाशी चार टाके मारायचे. वाकळ शिवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही. कामाची मजुरी मात्र रोख द्यावी. स्मृतीच्या नावाखाली बायकांकडून फुकट राबवून घेणं मला पटत नाही.

पण नावाशिवाय नुसतं फूल केलं तर तो शोभेचा उद्योग होईल. याचा पुरावा आपल्याच गावांत आहे. मराठवाड्यात देवळांच्या आवारात आणि वेशीपाशी वीरगळ उभे दिसतात. खाली झुंजणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंग, माथ्यावर चंद्रसूर्य. पाथरवटाने जीव ओतून काम केलं, पण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नाही. पिढ्या सरल्या, दगडाला शेंदूर लागला, वीराचा देव झाला आणि माणूस गेला. याउलट साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांची आठवण गावाने नीट जपली आहे.

कुणी म्हणेल, ते इंग्रजांचे शिपाई, आम्ही त्यांना का आठवावं? मराठवाड्यात हुतात्मा म्हटलं की आधी 1948 आणि निजामाविरुद्धचा लढा डोळ्यांपुढे येतो, आणि ते रास्तच आहे. पण हीच डेक्कन हॉर्स 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानी रणगाड्यांसमोर उभी राहिली. पलटणीचा पराक्रम आपला म्हणायचा आणि तिच्या आधीच्या मेलेल्यांवर हक्क सोडायचा, हा हिशेब बसत नाही. शिवाय त्या रिसाल्यात दख्खनी मुसलमान, जाट, शीख असे सगळेच होते. गेलेल्यांच्या नावांची यादी केली तर तीही तशीच निघेल, आणि ती तशीच लावावी लागेल.

यादी करणं अशक्य नाही. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळतील. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे, आणि भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होती, एवढं शोधताना लक्षात ठेवावं. हायस्कूलच्या मुलांना हे काम सुट्टीत जमेल. प्रत्येक झेंडूच्या देठाला एक नाव आणि एक गाव बांधलेलं असावं. नाव सापडेपर्यंत ते फूल करू नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पहिला ठराव फुलांचा नको, आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्यांच्या यादीचा करा.