बी आधी, पीक मागाहून

ज्याच्या माथी सजेचा शिक्का बसला त्याने आधी आपली पात्रता सिद्ध करावी आणि मगच समाजाने त्याच्या हाती काम द्यावे, हा न्याय वरवर पाहता रास्त वाटतो; परंतु पात्रता कर्मातूनच सिद्ध होत असल्यामुळे, ज्याला कर्माचा अधिकारच नाकारला त्याच्याकडे तिचा पुरावा मागणे म्हणजे पेरणीपूर्वीच पिकाचा हिशेब मागणे होय. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीनजीक, स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसली, तेव्हा बंदिवानांना तटबंदीऐवजी शेतजमीन आणि कोठडीतील एकांताऐवजी कुटुंबाचा सहवास लाभला. १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

प्रारब्ध भोगूनच संपते असे आपला कर्मविचार सांगतो, पण क्रियमाण, म्हणजे आता घडत असलेले कर्म, माणसाच्या स्वाधीन असते असेही तोच सांगतो. अशा खुल्या वसाहतीतला, तुरुंगाचा दरवाजा आणि गावाची वेस यांमधला श्रमाचा मुक्काम त्या क्रियमाणासाठीच राखलेला असतो. तेथे मजुरीबरोबरच, कुणीतरी जामीन न मागता आपल्यावर भरवसा ठेवला आहे ही जाणीव माणसाला लाभते, आणि तिच्याच आधाराने तो स्वतःवर भरवसा ठेवू शकतो. असा विश्वास टाकणे हा समाजाचा धर्म आहे. आणि बीजाप्रमाणे तो आधीच द्यावा लागतो.