राखणदार

सहा वर्षांच्या नातवाच्या खालच्या दुधाच्या दातामागे नवा दात डोकावला, जुना हलेना. "मामंजी, ओढून काढू या का?" सूनबाईने विचारले. दंतवैद्य म्हणाले, "थांबा. जीभ नव्याला पुढे सारते, जुना बहुधा आपसूक पडतो. दोन-तीन महिन्यांत न पडला, तर काढू."

दुधाचा दात नव्याची जागा राखतो. अकाली काढला, तर शेजारचे दात कलून ती बुजवतात. मात्र वेळ झाली तरी त्याचे मूळ विरघळले नाही, तर राखणदारच वाटेत उभा राहतो.

घरच्या कपाटाच्या किल्ल्या अजून माझ्याच उशाखाली असतात. मुलाने तिशी ओलांडली. मी जागा राखतो आहे की अडवतो आहे? दाताला हा प्रश्न पडत नाही, म्हणून त्याला दोष नाही. मला तो पडला आहे. आता सबब उरली नाही.