तप आणि पल्ला

पहाटे भिवंडी शहराच्या बाजूने अजानचे सूर येतात, थोड्या वेळाने आमच्या राहनाळच्या वेशीबाहेरील मारुतीच्या देवळातली घंटा वाजते, आणि या दोहोंच्या मधल्या निवांत घटकेत गेल्या श्रावणापर्यंत तिसरा एक आवाज रुजू झालेला होता, तो म्हणजे आमच्या शेजारच्या तरुणाच्या मोटारीचा. मोटार पोर्शे जातीची, बसक्या बांध्याची, सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या अंगाला असलेली. त्याच्या आजोबांच्या भातखाचरांवर आज गोदामे उभी आहेत. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून असताना त्या जमिनीच्या बिगरशेतीचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते. भाडेपट्टे आणि मालाची आवक-जावक सांभाळणारा हा मुलगा कष्टाळू आहे, भाविक आहे, आणि लहानपणापासून उराशी बाळगलेली एक हौस त्याने पुरी केली याचे मला कौतुकच वाटते. रोज पहाटे तो इंजिन सुरू करी, मोटार दहा मिनिटे जागेवर उभी ठेवी, मग देवळापर्यंत जाई, दर्शन घेई, गोदामावर एक नजर टाकी आणि घरी येऊन इंजिन बंद करी. फिरणे सगळे मिळून चार किलोमीटरांचे. आणि त्या चार किलोमीटरांसाठी दहा मिनिटांची पूर्वतयारी.

गेल्या श्रावणात एके सकाळी तो माझ्या ओट्याशी आला. "काका, जरा येता का? गाडीचं काहीतरी बिघडलंय." मी गेलो. तेल भरण्याचे झाकण फिरवून त्याने काढले आणि उलटे करून माझ्यापुढे धरले. झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळसर पांढरी, सायीसारखी दाट लस साचली होती. बोटाने पुसून पाहिली तर तिला वास तेलाचा होता आणि स्पर्श लोण्याचा. इंजिनाचे हेड गॅस्केट गेले आणि थंड करणारे पाणी तेलात मिसळले, म्हणजे आता लाखोंचा खर्च, या धास्तीने बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. आम्ही दोघे कल्याण नाक्याकडच्या एका वयोवृद्ध उस्तादांकडे गेलो, ज्यांचे सारे आयुष्य आग्रा रोडवरच्या ट्रकांची इंजिने उघडण्यात आणि मिटण्यात गेले आहे. त्यांनी पाण्याची पातळी पाहिली, ती तसूभरही कमी झालेली नव्हती. इंजिन बराच वेळ चालू ठेवून धूर पाहिला, तो स्वच्छ होता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, गाडी रोज किती चालते? उत्तर ऐकून त्यांनी हात पुसले. "आजार गाडीला नाही, शेठ. गाडीला पल्ला नाही."

पेट्रोल जळते तेव्हा अग्नीतून पाणी निर्माण होते, ही गोष्ट मला वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या उस्तादांच्या बाकड्यावर बसून समजली, आणि समजल्यापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते, परंतु थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांना चुकवून खाली तेलाच्या कोठीत उतरते, आणि तेथले धातू व तेल थंड असले तर दवासारखी तेथेच निवळून बसते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त पाजावे लागते. त्यातले न जळलेले सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली जाऊन तेल पातळ करते. इंजिन पूर्ण तापले की हे सारे पाणी आणि बरेचसे पेट्रोल पुन्हा वाफ होऊन बाहेर पडते. अट एवढीच की तापमान नव्वद-शंभर अंशांपर्यंत चढले पाहिजे आणि काही काळ तेथे टिकले पाहिजे. येथेच गफलत होते. बहुतेक मोटारींच्या काट्यावर दिसते ते पाण्याचे तापमान असते, आणि पाणी लवकर तापते. तेल त्याच्या मागून, सावकाश तापत येते. लहान मोटारीत तीन-चार लिटर तेल पुरते, या मोटारीत आठ-नऊ लिटर लागते, म्हणजे जितके सामर्थ्य मोठे तितका तापण्याचा अवधीही मोठा. आमच्या कोकणपट्टीत कुठली आली थंडी, असे आपल्याला वाटते. परंतु वैशाखातली अठ्ठावीस अंशांची पहाटसुद्धा नव्वद अंशांची वाट पाहणाऱ्या इंजिनाला हिवाळाच होय. आणि जागेवर उभे राहून चालणाऱ्या इंजिनावर भार नसल्यामुळे ते तापते तेही अर्धेमुर्धे, रेंगाळत. जर्मनीत, जिथे ही मोटार बनते, मोटार उभी ठेवून इंजिन निष्कारण चालवण्यास वाहतुकीच्या कायद्यानेच मनाई आहे. सुरू करावे, हलक्या पायाने निघावे, आणि इंजिन तापेपर्यंत त्याला पळवू नये, असा तेथला रिवाज. म्हणजे त्या मुलाची दहा मिनिटांची निष्ठापूर्वक केलेली पूर्वतयारी इंजिनाच्या फारशी कामी येत नव्हती, आणि ती संपून जो प्रवास सुरू होई तो ऊब अंगी मुरण्यापूर्वीच आटोपत असे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण मोटार नव्हते. मीही चाळीस वर्षे रोज त्याच मारुतीला जात आलो आहे. पायातल्या वहाणा काढतो, घंटेला हात लावतो, रुईची माळ वाहतो, एक प्रदक्षिणा घालतो. सारे मिळून पाच मिनिटांत मी परत रस्त्यावर असतो आणि मन तर घंटा वाजत असतानाच रस्त्यावर आलेले असते. प्रश्न असा की, अशी अल्पशी, न तापलेली उपासना माणसाला काही देते की त्याच्यात काही साचवते? आणि तापायचे तर ते उपासनेच्या आधी, वेगळे बसून, की उपासनेतच?

हा प्रश्न नवा नाही. ब्रह्मसूत्रांचा आरंभ ज्या 'अथ' या शब्दाने होतो त्या एका शब्दापाशी आचार्यांच्या वाटा फुटल्या आहेत. 'अथ' म्हणजे 'त्यानंतर', पण कशानंतर? शंकराचार्य म्हणतात, साधनचतुष्टय अंगी आल्यानंतर: नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, इहलोकीच्या व परलोकीच्या भोगांविषयी विरक्ती, शमदमादी गुण आणि मोक्षाची तळमळ. एवढी सिद्धता झाली म्हणजे ब्रह्मविचाराचा अधिकार येतो. रामानुजाचार्य म्हणतात, कर्मविचारानंतर: यज्ञादी कर्मे काय देतात आणि ते देणे किती थोडे व किती अस्थिर आहे हे जाणून घेतलेला मनुष्यच पुढच्या शोधाला निघतो. दोन्ही आचार्यांपुढे मी नतमस्तक आहे, आणि शंकराचार्यही चित्तशुद्धीपुरते कर्माचे स्थान मान्य करतात हे मी विसरलेलो नाही. मोटारीच्या दाखल्यावरून वेदान्ताचा निवाडा करणे हे धाडसच होईल. तरी माझ्या मनाचा कौल कोणीकडे पडतो ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भाराखाली चालल्यावाचून ऊब येत नाही. जागेवर उभे राहून, प्रथम मी शुद्ध होईन आणि मग निघेन, असे म्हणणारा मनुष्य आयुष्यभर अंगणातच घरघरत राहण्याचा संभव आहे, आणि अशी माणसे मी पाहिली आहेत. ती वाईट नव्हती, फार चांगली होती, आणि म्हणूनच त्यांची आठवण झाली की जीव हळहळतो.

'तप' या शब्दाचा धातूच तापण्याचा आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, ब्रह्म जाणून घेण्यासाठी जातो तेव्हा पिता त्याला तप करण्यास सांगतो. भृगू तप करतो आणि अन्न हेच ब्रह्म असे उत्तर घेऊन येतो; पिता ते उत्तर खोडून काढीत नाही, वाद घालीत नाही, त्याला पुन्हा तपाकडेच धाडतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. प्रत्येक वेळी तीच आज्ञा, आणि शेवटी आनंद. ही कथा मी अनेकदा वाचली होती, पण पूर्वी मला ती उत्तरांची कथा वाटे. आता ती पल्ल्याची कथा वाटते. भृगू पहिल्याच उत्तरापाशी थांबून घरी गेला असता तर ते उत्तर खोटे ठरले नसते, फक्त अर्ध्या उष्णतेवर बंद केलेल्या इंजिनासारखे ते त्याच्यातच निवून बसले असते. आणि या कथेत तप हे आधीचे आणि ज्ञान हे नंतरचे अशी सीमारेषा आखताच येत नाही, कारण तेथे तपालाच ब्रह्म म्हटले आहे.

भिवंडीत राहणाऱ्याला दुसरा एक दाखला शोधावा लागत नाही, तो रात्रंदिवस कानावर पडत असतो. १८५७ नंतर उत्तरेतून जी मोमीन विणकर कुटुंबे येथे येऊन वसली त्यांच्या हातमागांच्या जागी पुढे यंत्रमाग आले, आणि आज गल्लोगल्ली तो खडखडाट आहे. चालता माग थांबला आणि पुन्हा सुरू केला की पहिल्या काही धोट्यांचा ठोका नेहमीसारखा बसत नाही, आणि त्या जागी कापडावर एक आडवी रेघ उमटते, कुठे विरळ तर कुठे दाट. विजेच्या भारनियमनाच्या वर्षांत असे कापड मी पुष्कळ पाहिले आहे. दिवसातून कितीदा वीज गेली हे विचारण्याची गरज नसे. ठाण उजेडात धरले की रेघा मोजता येत. पतंजलीने अभ्यास दृढ होण्याच्या ज्या अटी सांगितल्या आहेत त्यांत दीर्घकाळ आहे, आदर आहे, पण मधोमध खंड न पडणे आहे, आणि त्या मधल्या अटीचे मर्म मला कोणत्याही टीकेपेक्षा त्या ठाणाने अधिक शिकवले.

तरीही एक फार मोठी अडचण शिल्लक राहते, आणि ती टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या चाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी आश्वासन दिले आहे की या मार्गावर आरंभलेले काही वाया जात नाही, त्यातून विपरीत फळही निघत नाही, आणि यातले थोडेसेही मोठ्या भयापासून तारते. मग माझी पाच मिनिटे? ती तर थोडेसेच आहेत. इंजिन म्हणते की थोडेसे साचते आणि गंज चढवते. गीता म्हणते की थोडेसे तारते. भगवंतांचे वचन खोटे मानणे मला शक्य नाही, आणि झाकणाखालची ती लसही मी माझ्या बोटाने पुसलेली आहे.

बरेच दिवस विचार करून मला जे दिसले ते असे. पेट्रोलचा दाह वाया गेला नव्हता. त्याने मोटार देवळापर्यंत नेली, देवदर्शन घडले. साचले ते दाहाबरोबर जन्मलेले पाणी. उपासनेच्या प्रत्येक ज्वलनातही असे पाणी निर्माण होत असले पाहिजे, आणि ते म्हणजे 'मी केले' ही जाणीव. ती पापातून उत्पन्न होत नाही, पुण्यातूनच उत्पन्न होते, अग्नीतून पाणी व्हावे तशी. आणि म्हणून कोणत्याही सत्कर्माची तिच्यापासून सुटका नाही. जो मनुष्य दीर्घकाळ, पूर्ण तापेपर्यंत चालतो त्याच्यात ती आपोआप वाफ होऊन निघून जाते, त्याला ती काढून टाकण्याचा वेगळा उद्योग करावा लागत नाही. ज्येष्ठात आळंदीहून निघालेला वारकरी अडीच-तीन आठवड्यांनी पंढरपूरच्या वाळवंटात पोहोचतो तेव्हा आपण इतके चाललो याचा हिशेब त्याच्यापाशी उरत नाही, हे मी त्यांच्या मुखांवर वाचले आहे. माझ्यात मात्र चाळीस वर्षांची पाच-पाच मिनिटे 'मी एक दिवसही चुकलो नाही' या एका वाक्याच्या रूपाने साचली आहेत. ते वाक्य मी किती जणांना किती वेळा ऐकवले असेल! भगवंतांनी ज्याला वाया न जाणारे म्हटले ते आरंभलेले कर्म. हे वाक्य कर्म नव्हे, कर्माचे निवलेले पाणी होय. गीतेच्या वचनाला त्याने बाध येत नाही, पण मला येतो.

उस्तादांनी तेल बदलावयास सांगितले, रोजच्या चार किलोमीटरांसाठी पाय वापरा म्हणाले, आणि आठवड्यातून एकदा गाडीला तासाभराचा रस्ता दाखवा म्हणाले. म्हणून आता तो मुलगा रोज पहाटे माझ्याबरोबर चालत देवळात येतो, आणि दर रविवारी आम्ही दोघे वाडा रस्त्याने अंबाडीकडे आणि तेथून वज्रेश्वरीला जातो. रस्ता खड्ड्यांचा आणि मोटार बुटकी, त्यामुळे सुरुवातीला गती आपोआपच मर्यादेत राहते. दूर गेल्यावर, दोन्ही बाजूंची भातशेते मोकळी झाली की तेलाचा काटा स्थिर होतो आणि इंजिनाचा घोगरेपणा जातो. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी ज्या देवीला नवस केला तिचे ते देऊळ, किल्ल्यासारख्या दगडी पायऱ्यांचे. आणि थोड्याच अंतरावर, तानसा नदीच्या काठी, अकलोलीची आणि गणेशपुरीची उन्हाळी. १९६१ साली समाधिस्थ झालेल्या स्वामी नित्यानंदांनी आपला मुक्काम याच गरम पाण्याच्या शेजारी केला होता. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल उतरते, तेथे दीर्घकाळ राहते, तापते आणि मग वर येते. वर आलेल्या पाण्यात हात घातला तर क्षणभर चटका बसतो.

गेल्या रविवारी कुंडाच्या पायरीवर बसून त्याने मला विचारले, "काका, एवढा वेळ देवळात बसलं तर मन लागेल का हो?" मी उत्तर दिले नाही, मला ते ठाऊक नव्हते. त्याने धोतर वर खोचले, पाय पाण्यात घातला, चटकन मागे घेतला, पुन्हा घातला. मग घोट्यापर्यंत उतरला आणि थांबला, मग गुडघ्यापर्यंत. शेजारची एक म्हातारी, जी केव्हाची गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती, डोळे न उघडताच म्हणाली, "उतर रे लेका, हळूहळू उतर, बाहेर उभं राहून पाणी सोसत नाय."

तो आणखी एक पायरी उतरला.