खाली कधी उतरायचं?

मुलुंडमध्ये आमच्या ओळखीचे एक काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. इमारत जुनी, लिफ्ट नाही. पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून ते व्हीलचेअरवर आहेत. खाली जायचं तर वॉचमन आणि शेजारचा मुलगा, दोघंही मोकळे असावे लागतात. दोघं आनंदाने येतात, कधी कुरकुर नाही. तरी काका एकदा म्हणाले, "अरे, खाली कधी उतरायचं हे मी कधीच ठरवत नाही."

तेव्हापासून 'स्वावलंबन' हा शब्द मला खुपतो. आपलं काम आपल्या हातांनी करणारा तो स्वावलंबी, हा आपल्यावरचा संस्कार. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरुग्णाच्या हाती भिक्षेऐवजी काम आलं. केवढी मोठी झेप होती ती! पण गाव वेगळंच वसवावं लागलं. १९५५ पासून मुंबईत हाजीअलीच्या संस्थेने अपंगांच्या पुनर्वसनाचं काम हाती घेतलं. कृत्रिम पाय, व्यायाम, प्रशिक्षण. माणसाला शक्य तितकं सावरून घरी पाठवायचं. घराच्या पायऱ्या मात्र होत्या तशाच.

१९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र काढलं. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांचं मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं होतं, श्वासालाही यंत्र लागे. अंगात सदरा दुसऱ्याने घालायचा, पण कोणता, किती वाजता आणि कोणाकडून, हे ते ठरवणार. स्वातंत्र्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

मिठूताईंची मुलगी मालिनी चिब यांनी 'वन लिटल फिंगर' हे आत्मकथन एका बोटाने टाइप करून लिहिलं. विजेवरची खुर्ची घेऊन एकटीने शहरात फिरण्याचा मोकळेपणा त्यांना मिळाला तो इंग्लंडमध्ये. शरीर तेच होतं, शहर बदललं होतं.

आपल्या शहराचंही पाहा. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात लोकल आणि फलाट यांच्यामधल्या फटीत पडून एका मुलीने दोन्ही हात गमावले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला मेट्रो सुरू झाली. तिथे लिफ्ट आहे आणि डबा फलाटाच्या पातळीत थांबतो. लोकलच्या फलाटावर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे टीप-टीप असा बारीक आवाज येतो. आपल्याला तो ऐकूही येत नाही. दृष्टिहीन प्रवासी त्या आवाजाशी येऊन उभा राहतो, कोणाचाही हात न धरता. पण स्थानकाबाहेर पडलं की पुन्हा तीच रड. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथांवर खांब रोवले आणि त्यांतून व्हीलचेअरच जाईना. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाला एका तरुणाच्या ई-मेलवरून याची दखल घ्यावी लागली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. घरी येणाऱ्या मदतनिसासह आधारसेवांचाही त्यात उल्लेख आहे. प्रत्यक्षात बोरिवली काय, मुलुंड काय, तो मदतनीस म्हणजे बहुतेक घरांत आईच असते. तिचं वय झालं की मग संस्था शोधायची. वस्तीतच तासांवर मिळणारा प्रशिक्षित मदतनीस ही मला आज सर्वांत निकडीची सेवा वाटते, आणि तीच सर्वांत कमी आहे.

काकांची इमारत आता रिडेव्हलपमेंटला जातेय. नकाशात लिफ्ट आहे, रॅम्पही आहे, पण मागच्या बाजूला, पार्किंगमधून वळसा घालून. आपल्या सोसायटीचा नकाशा सभेपुढे येईल तेव्हा रॅम्प कुठे दाखवलाय ते बघा, आणि तो पुढच्या दारी मागून घ्या.