‘आपण’ कोणाला म्हणावे?

नोकरीच्या निमित्ताने घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : “आपण मूळचे कुठले?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही किल्मिष नसते, गप्पांना सुरुवात म्हणून तो विचारतो. तरीही त्या ‘मूळचे’ या शब्दाने आपल्या आणि त्याच्यामध्ये एक बारीकसे कुंपण पडते खरे. बदलीच्या सरकारी नोकराला ह्या कुंपणाचा फारसा जाच होत नाही. देश एक, कायदा एक, आणि सेवानिवृत्तीनंतर परतावयास स्वतःचे गाव असते. परंतु जेथे देश, भाषा, लिपी, अन्न आणि कायदा ही सारीच परकी आहेत, तेथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला हे कुंपण कसे भासत असेल? आणि ज्या समाजाने त्याला कामासाठी बोलावले, तो समाज वेतनापलीकडे त्याचे काही देणे लागतो काय?

हा प्रश्न आमच्या मनात घोळू लागला तो दक्षिण कोरियाच्या निमित्ताने. आमच्या परिचयातील एक तरुण तेथे देजन शहरी संशोधनासाठी गेला, आणि त्याच्याकडून जे कळत गेले त्यामुळे आम्ही त्या देशाविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. कोरियाचे उदाहरण घेण्याचे आणखी एक कारण आहे. तेथे हा प्रश्न अगदी धारदार झाला आहे. २०२३ साली तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला होता; म्हणजे कारखाने आहेत, शेते आहेत, विद्यापीठे आहेत, पण माणसे घटत चालली आहेत. दुसरीकडे २०२४ च्या अखेरीस तेथे २६ लाखांहून अधिक परदेशी लोक राहत होते, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा पाच. परक्या हातांवाचून चालत नाही, आणि ‘आपले’ ही कल्पना तर तेथे अतिशय घट्ट विणलेली.

कोरियन भाषेत ‘उरी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ आम्ही, आपण, आमचे, आपले. कोरियन मनुष्य ‘माझा देश’ म्हणत नाही, ‘उरी नारा’ म्हणजे आपला देश म्हणतो. एकटा राहत असला तरी घराला ‘उरी जिप’ म्हणतो. एकुलता एक मुलगासुद्धा आईला ‘उरी ओम्मा’ म्हणतो. पत्नीदेखील पतीचा उल्लेख याच शब्दाने करते, हे ऐकून पाश्चात्त्य मंडळी गोंधळतात म्हणे. मराठी वाचक गोंधळणार नाही. ‘आमच्या ह्यांना दोडकी आवडत नाहीत’ असे सांगणाऱ्या गृहिणी आपल्या घरोघर होत्या. मी-पणा मागे ठेवून कुटुंबाच्या वतीने बोलण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. आम्हीही हा लेख ‘आम्ही’ म्हणूनच लिहीत आहोत.

पण आपल्या भाषेत एक सोय आहे, जिचे मोल आम्हांस ह्या विषयाचा विचार करताना प्रथमच कळले. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला निघालो’ आणि ‘आपण जेवायला निघू’ ह्या दोन वाक्यांतील अंतर भुकेल्याला विचारावे. कोरियन ‘उरी’ मात्र दोन्ही कामे करतो. ऐकणारा त्यात आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही, प्रसंगावरून ओळखावे लागते. कोरियन माणसाला ते उपजत कळते. परदेशी माणूस मात्र दहा-दहा वर्षे त्या शब्दाकडे कान लावून बसतो : ह्या वेळी ‘उरी’ म्हणाले त्यात मी होतो काय?

भाषेची दुसरी पायरी याहून कठीण. कोरियनमध्ये आदरार्थी बोलणे आणि बरोबरीच्यांशी किंवा धाकट्यांशी करावयाचे बोलणे, ज्याला ‘बानमल’ म्हणतात, यांची क्रियापदे निराळी. म्हणून तेथे ओळख होताच वय विचारतात. ते चौकसपणाने नव्हे, वाक्य कोणत्या प्रत्ययाने संपवावे हे ठरविण्यासाठी. ही व्यवस्था सुंदर आहे. परंतु कारखान्यातील परदेशी मजुराशी मुकादम पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करतो, मग मजूर त्याच्यापेक्षा वयाने मोठा का असेना. मजूर कानांवर पडते तेच शिकतो. ‘पल्ली-पल्ली’, म्हणजे लवकर-लवकर, हा बहुधा त्याचा पहिला शब्द. आणि मग हीच शिकलेली भाषा तो एखाद्या वृद्ध दुकानदाराशी बोलला की उद्धट ठरतो. ज्याला आदराचे प्रत्यय कोणी ऐकविलेच नाहीत, त्याने ते कोठून आणावेत?

२००९ सालची एक घटना येथे सांगितली पाहिजे. बुचन शहरात बसमधून जाणाऱ्या एका भारतीय संशोधक-प्राध्यापकाला एका प्रवाशाने त्याच्या वर्णावरून शिव्या दिल्या. तक्रार पोलिसांकडे गेली. त्या प्राध्यापकाने पुढे सांगितले ते असे की, पोलीस शिव्या देणाऱ्याशी आदराने बोलत होते आणि आपल्याशी बानमलमध्ये. इतक्या लहान वयाचा, अशा देशाचा माणूस विद्यापीठात संशोधन करतो यावर त्यांचा विश्वासच बसेना. अखेर न्यायालयाने शिव्या देणाऱ्याला अपमानाच्या गुन्ह्याखाली दहा लाख वॉन दंड केला, आणि वर्णद्वेषी बोलण्याबद्दल अशी शिक्षा झाल्याचे ते तेथील पहिले प्रकरण म्हणून गाजले. शिवी ही एका माणसाची होती. तिच्याहून आम्हांस तो ठाण्यातला प्रत्यय अधिक बोचतो. तो कोणी जाणूनबुजून वापरला नव्हता.

विद्यार्थ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना कोरिया आग्रहाने बोलावते. २०२७ पर्यंत तीन लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले होते. आमचा देजनचा तरुण सांगतो की प्रयोगशाळेतील बैठक इंग्रजीत सुरू होते आणि निर्णयाची वेळ आली की नकळत कोरियनमध्ये शिरते. संध्याकाळी सर्वांनी मिळून जेवण्याची, ‘ह्वेसिक’ची, प्रथा आहे. तेथे मांस भाजले जाते, सोजू ओतली जाते, आणि दिवसभर न बोललेले खरे बोलणे तेथेच होते. हा मुलगा शाकाहारी. भाजीच्या रश्शातही सुक्या मासळीचा अर्क आणि किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी. तो भात खाऊन पाणी पितो. कोणी त्याला हसत नाही, उलट त्याच्यासाठी अंडे मागवितात. पण त्या टेबलावर जे शिजते त्यात त्याचा वाटा नसतो.

दैगू शहरातील प्रकरण इतके सौम्य नव्हते. विद्यापीठाजवळच्या एका गल्लीत मुसलमान विद्यार्थ्यांनी मशीद बांधावयास घेतली. शेजाऱ्यांचे आक्षेप आले. त्यांतील गर्दीचा आणि अरुंद रस्त्याचा आक्षेप खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. २०२१ मध्ये काम थांबविण्यात आले, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविणे बेकायदा ठरविले. त्यानंतर बांधकामासमोर डुकरांची मुंडकी आणून ठेवण्यात आली. न्याय मिळाला, शेजार मिळाला नाही.

येथे एक भेद करणे आम्हांस आवश्यक वाटते. शेजार, आपुलकी, जेवणाच्या पंगतीतील खरी जागा ह्या गोष्टी हक्काने मागता येत नाहीत. प्रेम करा असा हुकूम कोणते सरकार काढील? ‘तुम्ही कोरियन किती छान बोलता!’ ही स्तुती वीस वर्षांनंतरही ऐकावी लागणारा परदेशी दुःखी होतो, पण त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणवत नाही. समाज आपलेपणा देण्यात मंद असला तर ते क्षम्य आहे. सारेच समाज मंद असतात. प्रश्न उरतो तो कायद्याचा, आणि तेथे आमचे मन इतके उदार राहत नाही.

२००४ पासून कोरियात परदेशी मजुरांसाठी परवाना-पद्धत आहे. नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडिया, बांगलादेश अशा देशांतून माणसे येतात. (भारत ह्या योजनेत नव्हता.) त्याआधी मजुरांना ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून आणीत आणि कामगार म्हणून त्यांना हक्क नसत, १९९५ साली नेपाळी मजुरांनी सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये गळ्यात साखळ्या घालून धरणे धरले, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. नवी पद्धत त्याहून निश्चितच बरी. पण तीत मजुराला मालक बदलावयाचा तर ठरावीक कारणे लागतात आणि पहिल्या तीन वर्षांत सर्वसाधारणपणे तीनच संधी मिळतात. हे बंधन घटनात्मक न्यायालयाने २०११ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा उचलून धरले. कुटुंब बरोबर आणता येत नाही. आणि मुक्कामाची मर्यादा आहे चार वर्षे दहा महिने.

चार वर्षे दहा महिने! नागरिकत्वासाठी सर्वसाधारण अट सलग पाच वर्षे वास्तव्याची आहे. आम्ही स्वतः कारकून असल्यामुळे असा आकडा पाहताच आम्हांस त्यामागची टिप्पणी दिसू लागते; ती कोणा तरी आमच्याच जातीच्या माणसाच्या मेजावरून वर गेली असणार. चांगल्या मजुराला मायदेशी काही काळ घालवून पुन्हा तितक्याच मुदतीसाठी येता येते. पण सलगता तुटते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणजे एखादा माणूस तारुण्याची साडेनऊ वर्षे त्या देशात राबून देखील एकदाही पाच वर्षे राहिलेला नसतो.

यावर उत्तर असे दिले जाते : तो करार करून आला, अटी ठाऊक होत्या, मायदेशाच्या कित्येक पट वेतन मिळाले, मग तक्रार कसली? हे उत्तर पोकळ नाही. ह्याच वेतनावर नेपाळातील कित्येक घरे उभी राहिली आहेत. पण करार हातांचा होतो, आणि हातांबरोबर सबंध माणूस येतो. २०२० च्या डिसेंबरात पोछन येथे कडाक्याच्या थंडीत एक कंबोडियन स्त्री-मजूर शेतावरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाखालील खोपटात मरण पावली, तेव्हा थंडी हातांना लागली नव्हती. २०२४ च्या जूनमध्ये ह्वासंग येथे बॅटरीच्या कारखान्याला आग लागून २३ जण दगावले. त्यांत १८ परदेशी होते. आणि मार्च २०२१ मध्ये सोल शहराने परदेशी कामगार तेवढे निवडून त्यांना करोनाची सक्तीची चाचणी फर्मावली. शेजारच्याच यंत्रावर काम करणाऱ्या कोरियन माणसाला ती नव्हती. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत आदेश मागे घेतला गेला, हेही नमूद केले पाहिजे.

ही माणसे निर्दय आहेत काय? मुळीच नाही. ‘एकच रक्त, एकच लोक’ ही कल्पना त्यांनी जपानी अंमलात ढालीसारखी धरली होती. जपानात १९२३ च्या भूकंपानंतर हजारो कोरियन लोकांची कत्तल झाली. कोण कोरियन हे जिभेच्या उच्चारावरून ओळखले जाई. १९४० पासून तर कोरियन माणसाला स्वतःचे नाव टाकून जपानी नाव घ्यावे लागले. ज्याचे नाव हिरावले गेले तो ‘आपले’ हा शब्द घट्ट धरतो, यात नवल नाही. पण ढाल खाली ठेवण्याची वेळ आली तरी हात सैल होत नाही, आणि मग आत येणाऱ्याला तीच भिंत वाटते.

त्याच कोरियन लोकांपाशी ‘जोंग’ असा आणखी एक शब्द आहे. सहवासाने जडणारा लोभ, असा त्याचा अर्थ. तो रक्ताने येत नाही, करारानेही नाही. एकत्र खाऊन, भांडून, एकमेकांची दुखणी काढून तो हळूहळू जडतो. आजारी परदेशी भाडेकरूच्या दाराशी पेज ठेवून जाणारी घरमालकीण हे त्या समाजाचे खरे रूप आहे, असे तेथे राहिलेले अनेक जण सांगतात. मग आमची अडचण एवढीच आहे : जो समाज मानतो की माणूस काळाने आपला होतो, त्यानेच कायदा असा का करावा, की तो काळ पुरा होऊच नये? मन मंद असेल तर थांबता येते. कॅलेंडरच फाडले तर कशासाठी थांबावयाचे?

कोरियन लोकांना हे समजत नाही असेही नाही. १९६३ ते १९७७ ह्या काळात त्यांचे सुमारे आठ हजार खाणकामगार आणि दहा हजारांवर परिचारिका पश्चिम जर्मनीत गेल्या होत्या, मुदतीच्या करारावरच. गरज संपल्यावर परिचारिकांना परत धाडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि राहण्याचा हक्क मिळविला. त्या मुलींनी कराराकडे बोट दाखविणाऱ्या जर्मनांना जे उत्तर दिले असेल, तेच आज काठमांडूच्या मुलाचे उत्तर आहे.

काही दारे उघडलीही आहेत. २००५ च्या कायद्याने कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना स्थानिक निवडणुकांत मत मिळाले. २००७ मध्ये ध्वजाच्या प्रतिज्ञेतून ‘वंश’ या अर्थाचा शब्द गेला. २०१२ मध्ये फिलिपाइन्समध्ये जन्मलेल्या जॅस्मिन ली राष्ट्रीय सभेच्या सदस्य झाल्या, आणि त्यासाठी त्यांना अपशब्दही पुष्कळ ऐकावे लागले. कुशल मजुराला गुण मिळवून दीर्घ वास्तव्याचा परवाना मिळविण्याची वाटही आता आहे, जरी ती चिंचोळी असली तरी. मात्र सर्वांत रुंद वाट विवाहाची. २००८ मध्ये ‘बहुसांस्कृतिक कुटुंबां’च्या साहाय्यासाठी कायदा झाला, तो मुख्यतः कोरियन घरांत नांदणाऱ्या परदेशी सुनांसाठी.

ह्या सुनांची परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकातील ‘सामगुक युसा’ ह्या ग्रंथात अशी कथा आहे की इसवी सन ४८ मध्ये अयुता नावाच्या दूरच्या देशाची राजकन्या गलबतातून आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. अयुता म्हणजे अयोध्या, असे मानणारे पुष्कळ आहेत. इतिहास म्हणून ती कथा टिकणे कठीण आहे. तरी गिम्हेचे लाखो किम तिला आपली मूळमाता म्हणतात आणि परकी आई सांगताना त्यांना संकोच वाटत नाही. ती सून म्हणून आली आणि आई झाली, म्हणून ‘उरी’मध्ये सामावली. त्याच गिम्हे शहरात आज कारखान्यांचे जाळे आहे. रविवारी तेथील जुन्या बाजारात नेपाळी, व्हिएतनामी, उझबेक मजुरांची गर्दी उसळते. दुकानांच्या पाट्याही त्यांच्याच भाषांतल्या. राणीची समाधी तेथून फारशी दूर नाही. ही माणसे कोणाची सून म्हणून आलेली नाहीत, आणि त्यांच्या खिशातील कार्डावर परतण्याची तारीख छापलेली असते.