व्यायामाचा तास कोणाच्या पदरचा?

देह राखणे हा धर्म आहे, हे कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो वेळेचा. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस घ्या. साडेआठ तास कारखान्यात, गाडीची वाट पाहण्यापासून घरी परतेपर्यंत अडीच-तीन तास, सात तास झोप. चोविसातून उरले साडेपाच-सहा. त्यातच स्नान, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या आईबापांची औषधे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली खरी, पण गाडीत बसून गेलेला वेळ त्यात धरला नाही. तो कामगाराच्या संसारातूनच वजा झाला. अशा माणसाला आम्ही कीर्तनात उभे राहून 'बाबा रे, रोज तासभर व्यायाम कर' असे सांगावे, तर तो मनात म्हणेल, बुवांचं काय जातं सांगायला! आणि त्याचे म्हणणे खोटे नाही.

ह्यावर दोन उत्तरे तयार मिळतात. एक डॉक्टरांचे : चाला, पळा, वजन उतरवा. उत्तर बरोबर आहे, पण वेळ कोठून आणावयाचा हे त्यात नाही. दुसरे आमच्याच मंडळींचे : देह नाशवंत, त्याचे एवढे कौतुक कशाला? हे तर उत्तरच नव्हे. टाळ एक दिवस फुटणार म्हणून त्याची दोरी कोणी तुटकी ठेवीत नाही.

शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे वचन सर्वांच्या तोंडी आहे. दिल्लीच्या 'एम्स' संस्थेचे तर ते ब्रीदवाक्य आहे. पण ते कोणी कोणाला म्हटले, हे फारसे कोणी पाहत नाही. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात बटुवेष घेऊन आलेले शंकर ते पार्वतीला म्हणतात. ती काही अंथरुणात लोळत नव्हती. घोर तप करीत होती. तुझ्या शक्तीच्या बेताने करतेस ना, एवढेच तो बटू विचारतो आणि पुढे हे वचन येते. म्हणजे जे आपण आळशाला ऐकवितो, ते मुळात अति करणाराला ऐकविलेले आहे. दुहेरी पाळी करून वर पहाटे चारला उठून पळणारानेही ते ऐकावे.

आता खरा प्रश्न. समजा, काढला त्याने तास. पहाटे पाचला बूट घालून गेला रस्त्यावर. त्या तासात पाणी कोणी भरले? मुलांना कोणी उठविले, डबा कोणी केला, सासूबाईंना चहा कोणी दिला? तो तास आकाशातून पडलेला नाही. तो बहुधा घरच्या माउलीच्या पदरचा असतो. तिचीही पाळी असते, आणि तिला साप्ताहिक सुट्टी नाही. ती बाहेर नोकरीही करीत असेल तर विचारूच नका. आमचे म्हणणे असे की, घेतलेला तास परत करावयाचा असेल तर तो व्यायाम धर्म्य. न विचारता घेतला आणि परतही केला नाही, तर दंड कितीही पीळदार होवोत, ती उचलेगिरीच झाली. शब्द जरा कठोर आहे खरा, पण उसने घेतलेले पायलीभर धान्य आपण परत करतोच ना?

एका टाळकऱ्याने आम्हाला अडविले. म्हणाला, "महाराज, ती घरात दिवसभर राबते, तोच तिचा व्यायाम. आणि मी मशीनवर उभा असतो, तोच माझा." ही शंका चांगली आहे, तिचे समाधान केले पाहिजे. १९५३ साली लंडनच्या बसगाड्यांविषयी डॉक्टर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. दुमजली गाडीचा चालक दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. हृदयविकार चालकांत अधिक आढळला. पुढे १९५६ साली गणवेशाच्या मापांवरून असेही दिसून आले की चालक नोकरीला लागतानाच कमरेने जाड होते. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येईना. तरी कामातले चालणे वाया जात नाही, एवढे धरून चालू. पण आठ तास एका जागी उभे राहणे, किंवा हमालासारखे पोते वाहणे, हे व्यायामात मोजू नये. व्यायामात आपण थकलो की थांबतो. कामात थकलो तरी भोंगा होईपर्यंत थांबता येत नाही. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला तर भोंगाही नाही. जो हमाल आहे त्याला आमचे सांगणे, तू आधी पाठ टेक.

थांबावे कोठे, हेही शास्त्राने सांगून ठेविले आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे आहे, तोही बलवानाने आणि स्निग्ध खाणाराने, थंडीत व वसंतात. एरवी त्याहून कमी. अर्धी शक्ती कशी ओळखावी? सुश्रुत म्हणतो, श्वास तोंडाशी येऊ लागला की ओळखावी. त्याच अध्यायात वाग्भटाने अति केल्याने घात करणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा तो माणूस नाश पावतो, असा दृष्टान्त दिला आहे. त्या यादीत व्यायाम आहे, जागरण आहे, वाटचाल आहे. (बोलणेही आहे बरं का, म्हणजे आम्हां कीर्तनकारांनाही तो बाण लागतोच.) रात्रपाळीच्या माणसाकडे पाहा : जागरण झाले, प्रवास झाला, यादीतल्या दोन गोष्टी त्याच्या अंगावर आधीच पडल्या. त्याने सकाळी घरी येऊन झोप कापून जोर काढणे म्हणजे तिसरी आपण होऊन ओढवून घेणे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार झोपणारा आणि फार जागणारा, दोघांनाही योगाच्या बाहेर ठेविले आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात आधी झोप. मग संध्याकाळी निघण्यापूर्वी जमेल तेवढे.

आणि जमेल तेवढ्याने चालते, ही आजची आनंदाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पूर्वी निदान १० मिनिटांचा तुकडा असावा अशी अट होती. ती त्या वेळी काढून टाकली. म्हणजे तासाचा हट्ट सुटला. गाडीचा थांबा एक आधीचा धरा, दोन जिने झपझप चढा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्याला घोंगडीएवढी जागा पुरते. बारा नमस्कार घालीपर्यंत चुलीवरचा भातही करपत नाही. पोर शेजारी उभे राहून वेडेवाकडे घालील, घालू द्या. तो वेळ मुलापासून काढून घेतलेला नाही, त्याच्यासकट घातलेला आहे.

मात्र एक गल्लत करू नये. आईला हात धरून देवळापर्यंत हळूहळू नेणे ही सेवा आहे. तरण्या माणसाचा त्यात व्यायाम होत नाही. होतो असे मानून दोन्ही एकदम उरकू पाहणारा मग आईला घाई करतो. पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू असता साक्षात देवाला विटेवर थांबविले, तेथे आपले नमस्कार थांबले तर काय बिघडले? आईच्या चालीने चालावे, आपले पाय नंतर मोकळे करावे.

सुट्टीच्या दिवशी काय करावे, हेही पुष्कळ विचारतात. त्या दिवशी सकाळी घर आपण सांभाळावे आणि घरधनिणीला शेजारणीबरोबर झपझप चालून येऊ द्यावे. ती परत आल्यावर "किती वेळ लावलास" असे म्हणू नये.